पट्टा होता का?

पहिले एक गोठ सांगून ठेवते. मी अडाणी नाही. नववी शिकली आहे, पेपर वाचते, बँकेची स्लिप माही मीच भरते. वस्तीतल्या बाया आता म्हणून राहिल्या, "वंदनाले समजलं नसन वं, बिचारी अडाणी." हे ऐकून माहा जीव जळते. अडाणी असती तर बरं झालं असतं. अंगठा लावला असता आन् हात झटकले असते, का मले काय माईत बाप्पा, बाबूनं काय लिहिलं ते. पण मी सही केली. वाचून केली. त्या कागदावरचा शब्द न् शब्द मीच बोलली होती.

माहा माणूस कवडू. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नाही, पण तो गेल्यावर ऑफिसात इतक्यांदा घ्यावं लागलं का आता काही वाटत नाही. माही सासू प्रयागबाई, तिचे पहिले दोन लेकरं पाळण्यातच गेले. मग हा झाला तेव्हा तिनं याले शेजारणीले एका कवडीत विकला आन् लगेच परत घेतला. यमाले वाटावं का हे लेकरू दुसऱ्याचं आहे. म्हणून नाव कवडू. त्याच्यानंतर दहा वर्षांनी पिंटू, माहा दीर. एवढे दोनच वाचले तिचे.

कवडू पत्र्याचं काम करे. गोडाऊन, शेड, लग्नाचे हॉल, यांच्यावर चढून पत्रे टाकायचे. पंधरा वर्षं केलं. आन् माणूस कसा, तर घरात पंखा पुसायले स्टुलावर चढायचा तर पहिले स्टूल दोनदा हलवून पाहे. मी हसो. म्हणो, "पस्तीस फुटावर नाचता आन् दीड फुटाले भेता?" तो म्हणे, "जो भेते तोच घरी येते वं." अशा माणसाले त्यांनी कागदावर बेफिकीर लिहिलं. मले राग कायचा आहे ते आता समजलं असन तुम्हाले. पैशाची गोठ मी काढतच नाही.

तर झालं असं. हुडकेश्वरच्या पलीकडे लग्नाच्या एका लॉनचं मोठं शेड सुरू होतं. ठेकेदार भैयाजी. वर अकरा माणसं, त्यात कवडू. आन् खाली रजिस्टर घेऊन पिंटू. पिंटूले उंचीची भीती. पहिल्याच दिवशी शिडीच्या अर्ध्यात त्याचे पाय लटलट कापाले लागले. तेव्हा कवडूच भैयाजीले म्हणाला, "याचं अक्षर मोत्यासारखं आहे, याले खाली मुंशी ठेवा." ठेवला. आता मुंशी म्हणजे काय, तर हजेरी लावायची, सामान आलं-गेलं लिहायचं, सावलीत बसायचं. भाऊ वर उन्हात, हा खाली टेबलावर. मी कधी काही म्हटलं नाही. घरातलाच होता ना.

शेडमध्ये उजेड याले पाहिजे म्हणून पत्र्याच्या मधामधात फायबरचे पत्रे टाकतात. ते माणसाचं वजन घेत नाहीत. आन् त्याच्यावर धूळ बसली का लोखंड कोणतं, फायबर कोणतं, काही समजत नाही. मार्च महिन्यात, दुपारच्या जेवणाच्या जरा आधी, कवडूचा पाय त्याच्यावर पडला. खाली पक्की फरशी. मी तेव्हा प्रताप नगरात एका घरी पोळ्या करून राहिली होती. पिंटूचा फोन आला तर तव्यावरची पोळी तशीच राहिली.

कंबरेले बेल्ट असता आन् तो वर बांधलेल्या तारेले अडकवला असता, तर तो लटकला असता. कंबर सुजली असती, भैयाजीले आई-माईवरून शिव्या देत घरी आला असता. बेल्ट नव्हता. तार बी नव्हती. असं नाही का बेल्ट त्यानं पाहिलेच नव्हते. जानेवारीत साइटवर सुरक्षा सप्ताह झाला. एका खोक्यात बेल्ट आले, सगळ्यांनी लावले, कोणी मोठे साहेब आले, मंडपात भाषण झालं, फोटो झाले. मग बेल्ट काढून परत खोक्यात, आन् खोकं गेलं दुसऱ्या साइटवर. तिथं बी फोटो काढायचे होते. कवडूनं घरी येऊन सांगतलं आन् आम्ही हसलो. हो, हसलो. आता त्या हसण्याचीच लाज वाटते. पुढच्या दिवशी त्यानं भैयाजीले विचारलं बी होतं, का दोन बेल्ट तरी ठेवा. भैयाजी म्हणाला, "क्या कवडूभाऊ, पंधरा साल से चढ रहा है, अब बुढ्ढा हो गया क्या?" सगळे हसले म्हणे. माणसं हसली का अर्धं काम होते ठेकेदाराचं.

तेरवी झाली आन् मले कामगार ऑफिसातून बोलावणं आलं. अपघाताची चौकशी आहे, जबाब द्याले या. पिंटू म्हणाला, "वयनी, मले भैयाजीच्या बाजूनं जावं लागते, नोकरी आहे. तुम्ही जा, जे खरं असन ते सांगा." गेली. एकटी गेली.

तिथला बाबू चांगला होता बिचारा. पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं. बोलणं पुण्याकडचं, अगदी पुस्तकातलं. नाव, वय, लेकरं, सगळं विचारलं. मग विचारलं, "तुमच्या पतींना पट्टा मिळाला होता का?"

आता तुम्हीच सांगा. आमच्या वस्तीत पट्टा म्हटलं का काय? घराचा पट्टा. ज्या जागेवर तीस वर्षं झोपडी आहे ती जागा आता तुमच्या नावाची, असा सरकारचा कागद. त्याच्यासाठी मोर्चे निघाले, त्याच्यासाठी म्हाताऱ्या मेल्या. "पट्टा भेटला का वं?" हे आमच्याकडे "जेवली का वं?"सारखं विचारतात. आन् जे कंबरेले बांधतात त्याले आम्ही बेल्ट म्हणतो. कवडू बेल्ट म्हणे, पिंटू बेल्ट म्हणे, भैयाजी बेल्ट म्हणे. सगळं नागपूर बेल्ट म्हणते. मले वाटलं, नवरा गेला, आता वारस लावाचे असतील, म्हणून घराचं विचारून राहिले.

म्हटलं, "हव साहेब, भेटला होता."

"केव्हा?"

"याच जानेवारीत. मंडप टाकून कार्यक्रम केला होता. मोठे साहेब आले होते, त्यांच्या हातानं दिला. फोटो बी काढले."

बाबूनं मान हलवली. त्याच्या टेबलावर भैयाजीनं दिलेले फोटो होते ना, सुरक्षा सप्ताहाचे. मंडप, मोठे साहेब, पट्टा. सगळं बरोबर जुळलं त्याचं.

"मग तो पट्टा आता कुठे आहे?"

"घरी आहे. कपाटात. प्लास्टिकमध्ये घालून ठेवला आहे."

त्यानं मान वर करून माह्याकडे पाहिलं. "कामावर नेत नसत?"

मी म्हटलं, "कामावर कोण नेते साहेब? हरपला, फाटला, तर परत कोण देते? भेटल्या दिवसापासून त्यानं तो कपाटातून काढला नाही." वरून शहाणपणा बघा माहा, मी म्हटलं, "लई जपे तो त्याले."

बाबूनं मोठा सुस्कारा टाकला. मले वाटलं, माह्या दुःखाचा टाकला. त्यानं लिहिलं, वाचून दाखवलं, मग माह्या हातात दिलं. पट्टा मिळाला होता. घरी कपाटात ठेवला आहे. कामावर कधी नेत नसे. मी वाचलं, आन् मोठ्या झोकात सही केली. वंदना कवडू, पूर्ण नाव, रेघ मारून.

दोन महिन्यांनी पत्र आलं. माही पोरगी हर्षा बारावीत आहे, तिनं फोडलं. मी भाकरी टाकून राहिली होती, सासू दारात बसून तांदूळ निवडून राहिली होती. हर्षा मोठ्यानं वाचाले लागली आन् मधातच थांबली. मी म्हटलं, "वाच ना वं." तिनं वाचलं.

"मृत कामगारास सुरक्षा पट्टा रीतसर देण्यात आला होता. तथापि सदर पट्टा तो घरी कपाटात ठेवत असे व कामावर कधीही नेत नसे, असे त्याच्या पत्नीने आपल्या जबाबात स्पष्टपणे नमूद केले आहे. सबब सदर अपघात मृताच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे घडल्याचे दिसून येते."

खाली लिहिलं होतं का, कोणाले काही म्हणायचं असन तर अमुक तारखेले सुनावणीले या.

मले पहिले काहीच समजलं नाही. हर्षानं विचारलं, "आई, बाबांचा बेल्ट कपाटात आहे?" तेव्हा माह्या डोक्यात उजेड पडला. अवं माय!  मी म्हटलं, "अवं, मी घराचा पट्टा सांगतला वं. घराचा!" हर्षानं कपाळावर हात मारून घेतला. बारावीची पोरगी, सायन्सवाली, तिले समजलं. पण सासूले नाही समजलं. तिले एवढंच ऐकू आलं का सुनेनं जबाब दिला आन् दोष कवडूवर गेला.

"म्हणजे माह्या पोराची चुकी होती म्हणते तू?"

"नाही आत्याबाई, ऐका तर."

"लिहून देल्लं ना तू? सही केली ना?"

"केली, पण..."

"मग पण कायचा?"

तेव्हापासून सुरू झालं. नळावर, मंदिरात, कोणी भेटलं का तिचं तेच. पोराले एक वेळ पत्र्यानं मारलं आन् दुसऱ्यांदा बायकोनं. मी चिडो, चिल्लावो, मग रडो. मग विचार करो का तिचं तरी काय चुकलं? तीन लेकरं गेले तिचे. मी तिले म्हटलं, "आत्याबाई, सुनावणीच्या दिवशी मी ते वाक्य खोडून आणते. नाही आणलं तर नावाची वंदना नाही." तिनं पहिल्यांदा माह्याकडे नीट पाहिलं. म्हणाली, "आण. मग बोलू."

पिंटू तिथंच होता. जमिनीकडे पाहून राहिला होता. मले वाटलं, भावाची आठवण येऊन राहिली त्याले. तो एवढंच म्हणाला, "वयनी, वाढवून काय फायदा? भैयाजी मोठा माणूस आहे." मी त्याले झाडलं. म्हटलं, "तू गप राय. तुह्या भावाले मरून तीन महिने नाही झाले आन् तुले भैयाजी मोठा वाटून राहिला?"

सुनावणीच्या दिवशी मी घराचा पट्टा प्लास्टिकसकट पिशवीत टाकला. यावेळेस बाबू नव्हता, एक मॅडम होत्या. तरुण, पण डोळे समजदार. टेबलाच्या तिकडच्या बाजूले भैयाजी, त्याचा वकील आन् मागं उभा पिंटू, काखेत रजिस्टर. भैयाजीनं मले हात जोडून नमस्कार केला. चोर तो चोर, वर शिरजोर. मी तोंड फिरवलं.

मी कागद काढून मॅडमच्या समोर ठेवला. म्हटलं, "मॅडम, हा बघा तो पट्टा, जो कपाटात होता. हा कंबरेले बांधून दाखवा मले, मग मी मानते का माह्या माणसाची चुकी होती."

मॅडमनं कागद पाहिला. जबाब पाहिला. परत कागद पाहिला. त्यांच्या ओठावर हसू आलं, आन् लगेच त्यांचा चेहरा एवढा उतरला का मलेच कसंतरी झालं. म्हणाल्या, "ताई, चूक आमची आहे. असं विचारायला नको होतं." त्यांनी पेन घेतला आन् माह्या देखत त्या जबाबावर आडवी रेघ मारली. बाजूले लिहिलं, गैरसमजातून नोंदवलेला. देवाशपथ सांगते, माह्या छातीवरचा दगड उतरला. मले वाटलं, आता घरी जाऊन सासूले सांगते, खोडून आणलं म्हणून.

पण भैयाजीचा वकील खाकरला. म्हणाला, "मॅडम, जबाब गेला तर गेला. आमच्याकडे रजिस्टर आहे."

पिंटूनं रजिस्टर टेबलावर ठेवलं.  वकिलानं पान उघडलं. वर लिहिलं होतं, सुरक्षा पट्टा वाटप. खाली रोजची तारीख, अकरा नावं, अकरा सह्या. ज्या दिवशी कवडू गेला त्या दिवशीची बी. सकाळी आठ वाजता पट्टा मिळाला, सही, कवडू.

मॅडमनं रजिस्टर माह्याकडे फिरवलं. "ताई, ही तुमच्या मालकांची सही आहे का? नीट पाहून सांगा."

नीट पाहायची गरजच नव्हती. कवडूची सही म्हणजे मेहनतीचं काम. त्याचा 'डू' पडल्यासारखा वाटे, उकार कुठंतरी खालीच राहे. आन् ही सही? मोत्यासारखी. उकाराले लांब वळणदार शेपटी. ही शेपटी मी वीस वर्षांपासून ओळखते. आमच्या घरच्या लग्नाच्या पत्रिकांवर, हर्षाच्या शाळेच्या फॉर्मवर, किराण्याच्या यादीवर, सगळीकडे हीच शेपटी. अकराच्या अकरा सह्या त्याच हातच्या होत्या. रोजच्या.

मी पिंटूकडे पाहिलं. त्यानं माह्याकडे पाहिलं. त्याले समजलं का मले समजलं.

माह्या अंगाची आग झाली. वाटलं उठावं आन् तिथंच त्याच्या कानफटात द्यावी. अरे मेल्या, भाऊ वर चढून राहिला होता आन् तू खाली बसून त्याच्या नावानं लिहून राहिला होता का याले पट्टा भेटला? रोज? तुले त्याच्या नावाची सही करताना एकदा बी वाटलं नाही का वर जाऊन पाहावं, त्याच्या कंबरेले काय आहे?

वकील मॅडमले म्हणून राहिला होता, पण सांगत मले होता. "मॅडम, सही त्यांची नसेल तर प्रश्न वेगळा होतो. भैयाजींनी पट्टे घेतले, बिलं आहेत. वाटायचं काम मुंशीचं. मुंशीनं वाटले नाहीत आणि खोट्या सह्या केल्या, तर जबाबदार मुंशी. मग पोलिसांकडेच द्यावं लागेल." एवढं बोलून त्यानं पाण्याचा घोट घेतला. भैयाजी छताकडे पाहून राहिला होता. किती शांत माणूस! दोन्ही बाजूनं आपण कोरडे राहतो, हे त्याले घरूनच माहीत होतं. म्हणून तर पिंटूले सोबत आणलं होतं त्यानं.

मॅडमले बी समजलं असावं. त्या हळूच म्हणाल्या, "ताई, खोटी सही असेल तर मला तसं लिहावं लागेल. गुन्हा आहे तो. तुम्ही खरं सांगा, घाबरू नका."

घाबरत कोण होतं? इकडे आड, तिकडे विहीर. खरं सांगतलं तर कवडूच्या नावावरचा डाग जाईन आन् पिंटू जेलात जाईन. भैयाजी कुठंच जाणार नाही. पिंटूची बायको काजल सात महिन्यांची पोटुशी. आन् घरी दारात बसलेली ती म्हातारी, जिचं चार लेकरांतून एक राहिलं. त्याले मी पोलिसात देऊ? आन् नाही सांगतलं तर? कवडू तर मेला. त्याले आता कोणी काय म्हणलं तर ऐकू थोडंच येणार आहे. पण मले येते ना. हर्षाले येते ना.

आपलेच दात, आपलेच ओठ. सवाल एवढाच राहिला होता का भैयाजीच्या जागी कोणाले अडकवाचं, मेलेल्याले का जित्याले.

मी म्हटलं, "हव. त्याचीच सही आहे."

मॅडमनं पेन खाली ठेवला. मग म्हणाल्या, "म्हणजे त्यांना सुरक्षा पट्टा मिळाला होता? ताई, सुरक्षा पट्टा. बेल्ट." अगदी बोटानं स्वतःची कंबर दाखवून विचारलं बाईनं. यावेळेस गैरसमज नको व्हाले ना.

"भेटला होता."

"मग त्यांनी लावला का नाही?"

आता याचं काय उत्तर द्याचं होतं मी? स्टूल दोनदा हलवून पाहणारा माणूस. मी म्हटलं, "नसन लावला. त्याची सवय तशीच होती." हे वाक्य बोलताना माही जीभ झडली नाही, याचंच मले नवल वाटते. पहिल्या खेपेले मी चुकून बोलली होती. या खेपेले एक-एक शब्द समजून बोलली.

मॅडमनं नवीन जबाब लिहिला आन् मलेच मोठ्यानं वाचाले लावला. मी वाचला. सही केली.

बाहेर आली तर पिंटू मागून पळत आला आन् माह्या पायावर पडाले वाकला. मी पाय मागं घेतला. म्हटलं, "हात लावू नको मले."

"वयनी, भैयाजी म्हणे का फक्त कागद भरायचा आहे. सगळ्या साइटवर असंच भरतात. मले काय माईत होतं..."

"मले नको सांगू. ऑफिसात मी तुले वाचवलं, आता एक काम कर. घरी जाऊन तुह्या मायले खरं सांग. पोलिसाले नाही, जगाले नाही. मायले सांग, आन् हर्षाले. का दादाची चुकी नव्हती, सही मी केली होती. एवढंच. घरच्या चार भिंतीत."

"सांगतो वयनी. आजच सांगतो." त्यानं गळ्याले हात लावला. "होणाऱ्या लेकराची शपथ."

घरी पोहोचलो तर सासू ओसरीवरच होती. हर्षा कॉलेजातून येऊन तिच्या बाजूले बसली होती. सासूनं मले नाही, पिंटूले विचारलं, "काय झालं गा? खोडलं का ते?"

मी मनात म्हटलं, बोल पिंटू. बोल आता. एकदा बोलून टाक, मग मी जन्मभर याचं नाव काढणार नाही.

पिंटूनं चप्पल काढली. पाय धुतले. काजलनं चहा आणला तो घेतला. दोन घोट प्याला. माह्याकडे त्यानं पाहिलंच नाही. म्हणाला, "मॅडमनं खोडलं होतं माय. पण वयनीनं परत तसंच सांगतलं."

"कसं?"

"का दादाजवळ बेल्ट होता आन् त्यानं लावला नाही."

हर्षा उठून उभी झाली. "आई, खरं आहे का हे? तू असं म्हटलं?"

मी पिंटूकडे पाहिलं. तो चहा फुंकून राहिला होता. कोपऱ्यात काजल पोटावर हात ठेवून उभी. मी म्हटलं, "हव."

हर्षा आत गेली आन् दार लोटून घेतलं. सासू बी चिल्लावली नाही. मले वाटलं होतं, छाती पिटन, वस्ती गोळा करन. तसं काही नाही. तिनं आपली दुपट्ट्याची घडी घेतली, औषधाची डबी घेतली, आन् माह्या खोलीतून निघून बाजूच्या खोलीत पिंटूकडे गेली. मधात एकच भिंत आहे.

तेव्हापासून ती तिकडेच राहते. माह्या हातचं पाणी घेत नाही. पिंटूच्या हातचं घेते.